स्पिती, झंस्कार आणि आपली एमएच बारा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पुण्यातून स्वतःची गाडी काढून किन्नौर, स्पिती, मग शिंकू ला (ला म्हणजे खिंड) ओलांडून झंस्कार आणि तिथून लेह असा रूट दिला होता. त्यावर भरपूर प्रश्न आलेत. निम्म्याहून जास्त लोकांनी गाडीला काय काय लावू असं विचारलंय, दिवस किती काढू हे विचारणारे अगदी मोजके. म्हणून दिवसांपासूनच सुरू करतो, सामानाचं नंतर बघू.

आम्ही चौघं मित्र, हिंजवडीत आयटीमध्ये. वीकेंड धरून १४ दिवस सुट्टी मिळतेय. स्पिती-झंस्कार-लेह करून मनालीमार्गे परत, बसेल ना? ड्रायव्हर दोन आहेत, गरज पडली तर रात्री पण चालवू.

नाही बसणार. कागदावर मांडून बघा. पुणे ते चंदीगड साधारण १,७०० किमी, दोघं आलटूनपालटून चालवलं तरी तीन दिवस धराच. चौथ्या दिवशी नारकंडा, मग कल्पाला दोन रात्री, नाको किंवा ताबोला एक, काझाला दोन, चंद्रताल तळ्याजवळ एक आणि मग खाली मनाली. झाले अकरा दिवस, हातात राहिले तीन आणि पुणं दोन हजार किमीवर. म्हणजे नुसती स्पितीच कशीबशी बसते, तीही एक सुद्धा दिवस मोकळा न ठेवता, आणि पहाडात मोकळा दिवस नसेल तर तो प्लॅनच नव्हे.

हे उगाच घाबरवायला लिहीत नाहीये. सप्टेंबर २०१८ मध्ये लाहौल-स्पितीत अवेळी बर्फ पडला आणि शेकड्याने लोक अडकले. जुलै २०२३ मध्ये, म्हणजे ऐन सीझनमध्ये, चंद्रतालच्या कॅम्पवर अडीचशेहून जास्त पर्यटक अडकले होते, त्यांना काढायला काही दिवस गेले. दोन्ही वेळेस कोणाची गाडी किती भारी होती याने काहीही फरक पडला नाही. ज्याला सोमवारी ऑफिस गाठायचं असतं तो बंद रस्त्यावर पण गाडी घालतो, खरी गोम तिथे आहे. पूर्ण रूट करायचा तर चोवीस-पंचवीस दिवस आणि त्यावर तीन राखीव. ते तीन दिवस आधीच कुठे खर्च करायचे हे ठरवू नका, नाहीतर ते राखीव राहतच नाहीत.

एक जुगाड सांगतो. चौघांपैकी ज्या दोघांना जास्त सुट्टी मिळेल त्यांनी गाडी चंदीगडपर्यंत न्यायची, बाकीच्या दोघांनी लोहगावहून विमानाने जायचं, येताना अदलाबदल. गाडी ज्याच्या नावावर आहे तो सोबत नसेल तर त्याचं सहीचं पत्र, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी सगळं गाडीत ठेवा. आणि रात्री चालवायचं डोक्यातून काढून टाका. शिमल्याच्या पुढे अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायचं, यात वाद नको.

माझ्याकडे डस्टर आहे, टू व्हील ड्राइव्ह. ग्रुपमधले सगळे म्हणतात फोर बाय फोर नसेल तर येऊच नको. गाडी विकून जिम्नी किंवा थार घेऊ का? (कोथरूड)

फक्त या ट्रिपसाठी घेणार असाल तर नको. मनाली ते काझा हिमाचल परिवहनची बस जाते हो, आणि त्याच रस्त्यावर लोकल टॅक्सीवाले काय काय चालवतात ते बघितलं की आपल्याला आपली लाज वाटते. नडतं ते ग्राउंड क्लिअरन्स. डस्टरला २०० मिमीच्या वर आहे, ते पुरतं, फक्त पाच माणसं आणि सगळ्यांच्या बॅगा कोंबल्या की मागची बाजू बसते आणि तेच क्लिअरन्स कागदावर राहतं. खालची चेंबरची (इंजिन ऑइलच्या टाकीची) प्लेट जाड आणि घट्ट आहे का ते लिफ्टवर गाडी चढवून स्वतःच्या डोळ्यांनी बघा, कारण मनाली-काझा रस्त्यावर छत्रू ते बातलच्या पट्ट्यात चेंबर फुटलं तर जवळपास गॅरेज नाही.

फोर बाय फोरचा खरा फायदा लो रेंजचा, म्हणजे नेहमीपेक्षाही खालच्या गिअरचा. चढावर मोठ्या दगडांतून गाडी अगदी सावकाश, क्लच न जाळता चढते आणि उतारावर ब्रेकला हात न लावता उतरते. टू व्हील ड्राइव्हवाले चढाला थांबतात, मग हाफ क्लचवर पुन्हा उचलायला बघतात, आणि दोन-तीनदा असं केलं की जळका वास सुटतो. तुमच्या गाडीत चौघांऐवजी तिघं जा, क्लच प्लेट संपत आली असेल तर निघायच्या आधी बदला. अजून एक, ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर बदलाच. ते हवेतलं पाणी शोषतं, मग लांब उतारावर तापलं की त्याची वाफ होते आणि पेडल सरळ खाली जातं.

ग्रुप काय म्हणतो ते ग्रुपला म्हणू दे. फक्त शिंकू लाच्या बाजूला ताजा बर्फ किंवा चिखल असेल तर तुम्ही मागे फिरायचं, त्यांनी आग्रह केला तरी.

नाले ओलांडायचं तंत्र नीट सांगा ना, व्हिडिओत प्रत्येक जण वेगळं सांगतो. (वारजे)

पहिलं तंत्र घड्याळाचं. तिथल्या नाल्यात वरच्या बर्फाचं पाणी येतं, ऊन चढलं की बर्फ वितळतो आणि दुपारनंतर पाणी वाढत जातं. सकाळी सातला जो नाला चपला हातात घेऊन ओलांडता येईल असा दिसतो तोच चारला दगड लोटत असतो. त्यामुळे काझाहून चंद्रतालला निघा किंवा चंद्रतालहून खाली, पहाटे चहा घेऊन निघायचं. नाश्त्याला पोहे होईपर्यंत थांबू म्हणणारा ग्रुपमध्ये एक तरी असतो, त्याला वाटेत बिस्किटं द्या.

नाल्याशी आल्यावर थांबा, उतरा, बघा. दुसरी गाडी जाऊ दे, तिची चाकं कुठे बुडतायत ते बघा. पाणी गढूळ असेल आणि खोली कळत नसेल तर काठी टाकून बघा, बूट घालून, अनवाणी नाही. जिथे पाणी पसरट आणि खळखळतं तिथे ते उथळ असतं, गुळगुळीत शांत दिसणारं पाणी खोल असतं. चाकाच्या मधल्या हबच्या वर पाणी असेल आणि ओढ जोरात असेल तर साध्या गाडीने थांबावं. कंपन्या पाण्याच्या खोलीचे जे आकडे छापतात ते थांबलेल्या पाण्याचे धरून चाला, वाहत्या पाण्यात गाडी बाजूला सरकते.

मग पहिला गिअर, फोर बाय फोर असेल तर लो रेंज, आणि एकाच लयीत चालत रहायचं. मध्ये गिअर बदलायचा नाही, क्लच दाबायचा नाही, घाबरून रेस पण मारायची नाही, कारण जोरात घुसलं की पाणी बॉनेटवरून एअर फिल्टरपर्यंत जातं. पुढची गाडी पूर्ण बाहेर पडल्याशिवाय आपली घालायची नाही, ती मध्येच अडकली तर आपण पाण्यात उभे. आणि समजा पाण्यातच इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. आत पाणी गेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, पंधराशे रुपयांचं काम दीड लाखावर जातं. गाडी ओढून बाहेर काढा, एअर फिल्टर उघडून बघा, ओला असेल तर मेकॅनिकच. या प्रकारचं नुकसान साध्या पॉलिसीत बहुतेक वेळा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन असतं, ते निघायच्या आधी बघून घ्या.

बाहेर आल्यावर थोडं अंतर हलका ब्रेक दाबत चला, म्हणजे पॅड सुकतात.

टायरमध्ये हवा किती ठेवायची? वर गेल्यावर हवा आपोआप वाढते असं एकाने सांगितलं, खरंय का? (औंध)

खरंय, पण अर्धंच. गेज दाखवतं तो टायरच्या आतला आणि बाहेरचा दाब यातला फरक. पुणं साधारण ५६० मीटरवर, कुंझुम ला साडेचार हजार मीटरच्या वर, तिथे बाहेरच्या हवेचा दाब खूप कमी. त्यामुळे पुण्यात ३२ पीएसआय भरलेला टायर, तापमान तेच राहिलं तर, तिथे ३७ च्या आसपास दाखवेल. पण तापमान तेच रहात नाही. पुण्यात ३० अंश असतील तर कुंझुमला सकाळी ५ अंश, आणि थंडीने टायरमधला दाब साडेतीन-चार पीएसआयने उतरतो. म्हणजे प्रत्यक्षात एक-दीडचाच फरक राहतो. बरेच जण दुपारी तापलेल्या टायरवर आकडा बघून हवा सोडतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टायर बसलेला. सकाळी, गाडी हलवायच्या आधी मोजायचं, तोच आकडा खरा.

खडी आणि दगडांच्या रस्त्यावर मी कंपनीच्या आकड्यापेक्षा चार-पाच कमी ठेवायला सांगतो, टायर दगडाला थोडा मिठी मारतो आणि आतल्या माणसांची हाडं पण वाचतात. त्याहून खाली गेलात तर धारदार दगडाने टायरची बाजू कापते, आणि बाजू कापली की पंक्चर किट काही कामाचं नाही. डांबर लागलं की पुन्हा भरायची, म्हणून बारा व्होल्टचा चांगला कॉम्प्रेसर पाहिजेच. खाली सपाटीला आलात की परत चेक करा. स्टेपनीत हवा आहे का हे पुण्यातच बघा, हे लिहावं लागतंय पण बघत कोणी नाही.

माझं वय ५८, दर रविवारी सिंहगड चढतो, बीपीची एक गोळी चालू आहे. ऑक्सिजनचे छोटे डबे घ्यावेत का? उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स आधीपासून घेऊ का? (सदाशिव पेठ)

काका, सिंहगडाचं कौतुक आहेच, पण त्याचा इथे उपयोग दम टिकायला, उंची सोसायला नाही. सिंहगड १,३०० मीटरच्या आसपास, आपल्या राज्यात सगळ्यात उंच असलेलं कळसूबाई १,६४६, आणि नारकंडाचा बाजार, जिथे तुमचा पहाडातला पहिला मुक्काम, तोच २,७०० मीटरवर. महाराष्ट्रात याची तयारी होऊच शकत नाही. उंचीचा त्रास फिट माणसाला होतो, अनफिटला होत नाही, असंही दिसतं, त्याचा अंदाज आधी लागत नाही.

म्हणून तर किन्नौरकडून चढा म्हणतो. नारकंडा, मग कल्पा जवळजवळ २,९००, ताबो ३,२००-३,३००, काझा ३,६०० च्या वर, असं पायरी पायरीने शरीराला वेळ मिळतो. मनालीकडून गेलात तर सकाळी दोन हजार मीटरवर आणि रात्री चंद्रतालजवळ ४,२०० च्या वर झोपायला. पुण्यातल्या ग्रुप्सना हाच रूट आवडतो कारण दोन दिवस वाचतात, आणि मग रात्री तीन वाजता उलट्या. तीन हजार मीटरच्या वर गेलं की झोपायची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढू देऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं, असं डॉक्टर सांगतात. काझाची दुसरी रात्र त्यासाठीच आहे, शॉपिंगसाठी नाही.

डायमॉक्सचं तुमच्याच डॉक्टरांना विचारा, बीपीची गोळी कुठली आहे आणि सल्फाची ॲलर्जी आहे का हे त्यांना माहीत पाहिजे. इतरांना चालली म्हणून आपण घ्यायची नाही. स्प्रेसारखे ऑक्सिजनचे डबे काही मिनिटांत संपतात, त्यांच्या भरवशावर वर राहू नका. डोकं दुखतंय आणि गोळीने थांबत नाही, चालताना तोल जातोय, बसल्या जागी धाप लागतेय, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट न बघता खाली. यावर खरं औषध खाली उतरणं हेच. आणि ज्याला त्रास होतोय त्याने गाडी चालवायची नाही, त्या वेळेला माणूस मी ठीक आहे मी ठीक आहे म्हणत राहतो आणि निर्णय चुकत असतात.

डिझेल-पेट्रोलचं गणित कसं करायचं? (हडपसर)

या रूटवर लक्षात ठेवायचे पंप दोन, काझा आणि लाहौलमधलं तांडी. काझाहून तांडी चंद्रताल धरून दोनशे किमीच्या जरा वर. तांडीला टाकी अगदी काठोकाठ भरा. तिथून दारचा, शिंकू ला, पदुम, निम्मू करत लेह म्हणजे साधारण ३७० किमी. बीआरओचा (सीमेवरचे रस्ते बांधणारी सरकारी संघटना) निम्मू-पदुम-दारचा रस्ता एकटा २९८ किमीचा आहे, २०२४ च्या मार्चमध्ये तो सलग जोडला गेला. पदुमला मिळेल या भरवशावर निघू नका.

आता ॲव्हरेज. हायवेला १५ देणारी पेट्रोल गाडी तिथे पहिल्या-दुसऱ्या गिअरवर ९-१० देते, त्यात टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्के कमी होते म्हणजे आपण रेस जास्त देतो. जिम्नीची टाकी ४० लिटर, म्हणजे जेमतेम लेह, वाट चुकायची सोय नाही. दहा लिटरचा धातूचा, चांगल्या झाकणाचा कॅन घ्या, गाडीच्या आत नाही, कॅरिअरवर बांधा, आणि तो गच्च भरू नका, वर गेल्यावर फुगतो. पाण्याच्या प्लास्टिक कॅनमध्ये पेट्रोल नेणारे अजूनही भेटतात, त्यांच्यापासून गाडी लांब लावा.

बीएस सिक्स डिझेलवाल्यांसाठी वेगळं. बरेच दिवस विशीच्या स्पीडने चाललं की डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोक होतो आणि दिवा लागतो. चढायच्या आधी हायवेला अर्धा तास एका स्पीडने चालवून तो साफ होऊ द्या. दिवा लागला तर मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते करा, दुर्लक्ष करून पुढे जाऊ नका.

मुलगा जाणार आहे. फोन लागत नाही म्हणून तो बाहेरच्या साइटवरून सॅटेलाइटचं यंत्र मागवतोय. मला काळजी वाटते म्हणून मीच पैसे देते म्हटलं. (सिंहगड रोड)

ताई, पैसे देऊ नका. आपल्याकडे परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा तसलं मेसेजचं यंत्र बाळगणं गुन्हा आहे, लोकांना एअरपोर्टवर पकडलंय, आणि हा रूट तर सीमेजवळचा, जागोजागी चेकपोस्ट. त्याला एक पोस्टपेड सिम घेऊन द्या. लडाखमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड चालत नाही, बरीच पोरं दारचाच्या पुढे गेल्यावर हे शोधून काढतात. दोन गाड्या असतील तर ४४६ मेगाहर्ट्झवाले लायसन्स न लागणारे वॉकीटॉकी घेता येतात, वळणावर पुढच्या गाडीने ट्रक येतोय एवढं सांगितलं तरी खूप झालं.

आणि त्याला सांगा की प्रत्येक मुक्कामाहून निघताना उद्या कुठे, फोन नाही लागला तर कधीपर्यंत काळजी करायची नाही, हे तुम्हाला लिहून पाठवायचं. तेवढी मुदत संपेपर्यंत तुम्ही पण टीव्ही बंद ठेवा.

मला घाट चालवायची सवय करायचीय. घरी म्हणतात तू सपाटीवर चालव, पहाडात आम्ही बघू. पुण्याजवळ कुठे प्रॅक्टिस करू? (चिंचवड)

जरूर करा, आणि त्यांनाही सोबत बसवा, मागच्या सीटवर. ताम्हिणी आणि वरंधा दोन्ही चांगले, पावसाळ्यात वरंध्याला दरडी पडतात आणि वाहतूक बंद होते म्हणून आधी चौकशी करून. पण घाट चढणं ही प्रॅक्टिस नव्हे, ते सगळ्यांना जमतं. एका लेनच्या चढाच्या रस्त्यावर आरशात बघून दोनशे मीटर रिव्हर्स जाणं शिका. स्पितीत समोरून ट्रक आला की कोणाला तरी मागे जावं लागतं. नियमाने चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असते, म्हणजे उतरणाऱ्याने मागे सरायचं, पण रुंद जागा ज्याच्या जवळ तो मागे जातो हा तिथला व्यवहार. दरीच्या बाजूला तुम्ही असाल तर सोबतच्या माणसाला खाली उतरवून मागे बघायला सांगा. लाज कसली त्यात.

दुसरं म्हणजे लांब उतार, ताम्हिणीत कोकणात उतरताना, दुसऱ्या गिअरवर, ब्रेक शक्य तितका कमी लावून. ज्या गिअरने चढलो असतो त्याच गिअरने उतरायचं. आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये, बॅगा भरलेल्या गाडीचं चाक स्वतः बदलून बघा, सेक्रेटरी काय चाललंय विचारायला येतीलच, त्यांना पाना धरायला द्या.

मुळशी, पानशेतच्या आत ऑफरोडिंगच्या नावाखाली लोकांच्या खाचरात, जंगलखात्याच्या जागेत, पठारावर गाड्या घालतात, ते करू नका. एकदा चाकोरी पडली की पुढचा पाऊस माती घेऊन जातो आणि शेतकरी तुम्हाला नाही, पुढच्या गाडीवाल्याला अडवतो.

बुलबार, रूफ टेंट, विंच, यातलं काय लावू? बजेट दीड लाख. (बाणेर)

बुलबारवर (बंपरपुढचा लोखंडी गार्ड) २०१७ च्या डिसेंबरपासून बंदी आहे, एअरबॅगच्या सेन्सरलाही तो नडतो. टेंट छतावर म्हणजे साठेक किलो वजन सगळ्यात उंच जागी, आडव्या उतारावर गाडी कशी झुकते ते अनुभवायचं असेल तर लावा. त्यापेक्षा चार चांगले टायर, अडकलेली गाडी ओढायला एक खरा स्नॅच स्ट्रॅप (ताणला जाणारा पट्टा) आणि तो अडकवायला रेटिंग छापलेले दोन शॅकल (लोखंडी कड्या). दोर बंपरला किंवा टो बॉलला अडकवून झटका देऊ नका, तुटलेला तुकडा गोळीसारखा येतो. ओढताना बाकी सगळ्यांनी दोराच्या लांबीच्या दुप्पट लांब उभं रहायचं, शूटिंग करणाऱ्याने सुद्धा. उरलेल्या पैशात अजून चार दिवस रहा.

स्वयंपाक स्वतः करायचाय. गॅस चालतो ना तिथे? (सहकारनगर)

गॅस चालतो, भात शिजत नाही. चंद्रतालच्या उंचीला पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं, पातेल्यातली डाळ तासभर ठेवली तरी दाताखाली येते. तीन लिटरचा छोटा कुकर घ्या, त्यात सगळं होतं. तळ्याच्या काठावर टेंट लावायला बंदी आहे, कॅम्प दोन-तीन किलोमीटर अलीकडे आहेत, तिथेच शिजवा आणि खरकटं पिशवीत भरून खाली आणा. कुकरची रबराची रिंग पुण्यातूनच एक जास्तीची घ्या, काझाच्या बाजारात तुमच्या मापाची मिळेलच असं नाही.